अर्धशिशीची एक केस : दुखणं डोक्यात आणि अर्धं निदान पर्समध्ये

केस माझ्याच ओपीडीतली आहे. पेशंटला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, नाव वगैरे काही नाही, नुसतं ताई म्हणते. मी बीएएमएस, पुढे कायचिकित्सा (आयुर्वेदातलं मेडिसिन) केलं, म्हणजे बाजू कोणती ते आधीच सांगून टाकलेलं बरं. आणि हेही आधीच सांगते की औषधांच्या मात्रा मी इथे लिहिणार नाही, कारण लोक स्क्रीनशॉट काढून सरळ दुकानात जातात, हा अनुभव आहे.

ताईंचं वय ३६, अकाउंट्सचं काम, दिवसभर स्क्रीनसमोर. डोकं दुखतंय ११ वर्षं. सोबत मिस्टर होते. खुर्चीत बसायच्या आधी ताईंनी काय केलं तर माझ्या टेबलावरचा दिवा हाताने भिंतीकडे वळवला, विचारलं बिचारलं काही नाही, सवयीने केल्यासारखं. मला वाटलं निदान इथेच झालं. झालं होतं, पण अर्धंच, उरलेलं अर्धं त्यांच्या पर्समध्ये निघालं.

आधी तक्रार. डाव्या बाजूची कानशिलं, डाव्या डोळ्याच्या मागे, तिथून मानेपर्यंत, कधीतरी उजवीकडेही. ठणके मारतं. जिना चढलं की वाढतं, वाकलं की वाढतं. उलटी होते, उलटी झाली की थोडं हलकं वाटतं. फोडणीचा वास सहन होत नाही, कुकरची शिट्टी झाली की "मॅडम, शिट्टी कुकरमध्ये नाही, डोक्यात होते". एकदा चढलं की रात्र, दुसरा दिवस, कधी तिसरा दिवसही जातो. पाळीच्या आधीचे दोन दिवस तर हमखास. दुखणं कसं आहे असं विचारल्यावर थोडा विचार करून म्हणाल्या, डोळ्यामागे कोणीतरी गिरमिट फिरवतंय.

हे वाक्य मी तसंच्या तसं लिहून घेतलं, कारण चरकसंहितेत सिद्धिस्थानात अर्धावभेदकाचं, म्हणजे अर्धशिशीचं, वर्णन आहे त्यात वेदनेला 'शस्त्रारणिनिभा' म्हटलंय. शस्त्राने कापल्यासारखी, नाहीतर अरणी घुसळल्यासारखी. अरणी म्हणजे अग्नी पाडायला लाकडावर लाकूड घुसळतात ते. गिरमिट आणि अरणी, दोन्ही फिरतात आणि दोन्ही आत जातात. कारणं पण तिथेच दिलीत, रूक्ष खाणं, अजीर्णावर परत खाणं, पूर्वेचा वारा, दव, वेग म्हणजे मल-मूत्र वगैरे अडवणं, अति श्रम, आणि जागा सांगितल्यात त्या मान, भुवई, शंख म्हणजे कानशील, कान, डोळा, कपाळ, या सगळ्यांचा अर्धा भाग. चरक म्हणतो वात एकटा किंवा कफासोबत, सुश्रुत त्रिदोषज, म्हणजे वात-पित्त-कफ तिन्हींमुळे झालेलं, मानतो आणि वर हे पण म्हणतो की दर १५ दिवसांनी, १० दिवसांनी किंवा अचानक उठतं. ठरावीक अंतराने उठणारी अर्ध्या डोक्याची वेदना इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवलीय याचं मला दरवेळी कौतुक वाटतं, पण वर्णन अचूक आहे म्हणजे उपचारही आपोआप सिद्ध झाला असं होत नाही, आणि आमच्यातले बरेच जण ही उडी न कळत मारतात. मीही मारायचे.

सूर्यावर्त हा डोकेदुखीचा दुसरा प्रकार, तो नाही ना तेही बघितलं. त्यात सूर्य चढेल तसं दुखणं चढतं आणि संध्याकाळी उतरतं. ताईंचं तसं घड्याळ नव्हतं, उलट शनिवार-रविवारी जास्त. का ते नंतर सांगते.

धोक्याच्या गोष्टी विचारून घेतल्या: एका क्षणात विजेसारखं चढलेलं डोकं, ताप आणि आखडलेली मान, हातपाय लुळे पडणं, बोलताना जीभ अडखळणं, फिट, यातलं काही नाही. डोळ्यापुढे नागमोडी रेषा, चमकणारे ठिपके, तेही नाही. हे विचारणं फार महत्त्वाचं कारण अशा रेषा दिसणाऱ्या मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर स्ट्रोकचा धोका वाढतो, आणि बायका गोळ्या घेत असल्याचं वैद्याला आपणहून सांगत नाहीत. ताई घेत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय नॉर्मल, बीपी १२४/७८, हिमोग्लोबिन १०.१.

मग मी म्हटलं, गोळ्या कोणत्या घेता, दाखवा. पर्स उघडली. एक स्ट्रिप निघाली, दहातल्या तीन उरलेल्या. दुसरा कप्पा, दुसरी स्ट्रिप. मोबाईलच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला दोन सुट्या गोळ्या, "इमर्जन्सीला". पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली, कुठेही मिळते ती. आठवड्यात किती लागतात? "लागतील तशा." मग मिस्टर हळूच म्हणाले, "मॅडम, लग्नाला जायचं असलं की ही आधीच घेते, दुखत नसलं तरी." कॅलेंडर काढून तिघांनी मिळून मागचा महिना आठवून मोजला. डोकं दुखलेले दिवस १९, त्यातले उलटीवाले ९. गोळी घेतलेले दिवस २०. म्हणजे दुखण्याच्या दिवसांपेक्षा गोळीचे दिवस जास्त.

आणि त्याच पर्समध्ये वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी. फिकट तपकिरी चूर्ण, लेबल नाही, काही नाही. कोणीतरी नातेवाइकाने आणून दिलेली, "आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही". दोन महिन्यांत आठ-दहा वेळा घेतलेली. विचारलं, किती वेळात फरक पडतो? "वीस मिनिटांत एकदम शांत."

इथे माझे कान उभे राहिले. आयुर्वेदातलं साधं चूर्ण वीस मिनिटांत मायग्रेन उतरवत असतं तर जगात न्यूरॉलॉजिस्ट उरले नसते. अशा पुड्यांत पेनकिलर किंवा स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं ही नवी गोष्ट नाही, आणि जड धातूंचं म्हणाल तर २००८ साली एका मोठ्या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी छापून आली होती, त्यात साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आमच्या क्षेत्रात याचा राग येतो. मला पुडी बांधणाऱ्याचा येतो. भारतात आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटक, लायसन्स नंबर, बॅच नंबर असायलाच लागतं, आणि ड्रग्ज ॲण्ड कॉस्मेटिक्सच्या शेड्यूल ई-१ मधलं विषारी द्रव्य असेल तर वैद्याच्या देखरेखीखाली घ्या अशी सूचनाही. वर्तमानपत्रावर यातलं काहीच नव्हतं, फक्त कुठल्यातरी भूखंडाची जाहिरात होती. पुडीत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. रक्तातलं शिसं आणि सकाळचं कॉर्टिसॉल (पुडीत स्टेरॉईड असेल तर हे बिघडू शकतं) तपासून घेतलं, फिजिशियनशी बोलले, दोन्ही ठीक आलं, पुडी बंद.

तर निदान असं झालं. आयुर्वेदाच्या भाषेत अर्धावभेदक, वात मुख्य, सोबत पित्ताची जोड (आंबट ढेकरा, छातीत जळजळ, उलटीने बरं वाटणं, मलावरोध). आणि आधुनिक भाषेत क्रॉनिक मायग्रेन, कारण महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ, आणि त्यातले किमान आठ दिवस मायग्रेनचेच. पण त्याच्यावर बसलेलं दुसरं दुखणं म्हणजे गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी. हे लोकांना पटतच नाही, की डोकेदुखीची गोळीच डोकेदुखी वाढवते. साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि कॉम्बिनेशनवाली किंवा ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या ॲटॅकवरची गोळी) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की मूळचं मायग्रेन वारंवार यायला लागतं, गोळीचा असर उतरला की डोकं परत गोळी मागतं. ताई २० दिवसांवर होत्या.

आता खरं बोलते. दहा वर्षांपूर्वी ही केस आली असती तर मी पर्स उघडायलाच लावली नसती. नाडी, जीभ, प्रकृती, आणि मग लांबलचक चिठ्ठी, दोन रस, एक भस्म, एक काढा, नस्य (नाकात औषधी तेल सोडणं), शिरोधारा. आणि ताई वरून रोज ती गोळी खात राहिल्या असत्या आणि दोन महिन्यांनी आयुर्वेदाने काही होत नाही म्हणून निघून गेल्या असत्या. असे किती गेले असतील देव जाणे.

यावेळी पहिली चिठ्ठी न्यूरॉलॉजिस्टना लिहिली. ताई त्यांना आधी दाखवून आल्या होत्या, त्यांनी रोज रात्री घ्यायचं ॲमिट्रिप्टिलिन दिलेलं, ते ताईंनी १५ दिवसांत "झोपच झोप येते" म्हणून सोडलं. अशा प्रतिबंधक गोळ्यांना असर दाखवायला दीड-दोन महिने द्यावे लागतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं असेल तर ते डोक्यात शिरलं नव्हतं, ठणकणाऱ्या डोक्यात काय शिरणार. ती गोळी परत सुरू करायला ताई तयार नव्हत्या. मग ठरलं असं की कॉम्बिनेशन गोळी एकदम बंद, ती अशी थांबवता येते (ओपिऑइडवाली, म्हणजे अफूच्या जातीची, असेल तर मात्र स्वतःहून अशी बंद करायची नाही), जोराचा ॲटॅक आला तर न्यूरॉलॉजिस्टनी दिलेली ट्रिप्टान आणि उलटीची गोळी, आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस. बाकी माझ्याकडे.

मी दोनच औषधं दिली. जेवणाआधी अविपत्तिकर चूर्ण, ज्यात निशोत्तर ही रेचक वनस्पती असते, पोट साफ होतं आणि पित्त खाली जातं. आणि पथ्यादि काढा, शार्ङ्गधराचा, हिरडा बेहडा आवळा काडेचिराईत हळद कडुनिंब गुळवेल, वर गूळ. चवीबद्दल बोलायलाच नको. सूतशेखर दिला नाही, त्यात पारा आणि धोत्रा दोन्ही, आणि एकदम पाच औषधं दिली की कशाने काय झालं ते वैद्यालाही कळत नाही. काढ्यात गुळवेल आहे म्हणून आधी लिव्हरची टेस्ट केली आणि महिन्याने परत. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर सुजलेल्या केसेस छापल्या, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद बराच झाला. वादात कोण बरोबर ते बाजूला ठेवू, एक रक्त तपासणी करायला काय जातं. हिमोग्लोबिनसाठी लोह फिजिशियनकडून.

पंचकर्माचं पॅकेज घेऊ का असं मिस्टरांनी विचारलं, कुठेतरी जाहिरात बघितलेली. मी नाही म्हटलं. विरेचन (औषधाने जुलाब करवणं) शास्त्राप्रमाणे करायचं तर आधी वाढत्या मात्रेत तूप पाजायचं, मग अभ्यंग, स्वेदन, मग विरेचन, मग पेज-विलेपीपासून हळूहळू जेवणावर आणायचं. हिमोग्लोबिन दहा, वजन कमी, उलटीची सवय आणि तुपाच्या वासाने मळमळणारी बाई. नको.

आणि वही. साधी शंभर पानी, दुखलं का, किती, गोळी घेतली का, जेवण किती वाजता, झोप किती. ताई अकाउंट्सवाल्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी पट्टीने रकाने आखले.

पहिले नऊ दिवस वाईट गेले. वाईट जातील हे सांगितलेलं, पण सांगणं वेगळं. चौथ्या रात्री अकराला मिस्टरांचा फोन, "मॅडम, भिंतीवर डोकं आपटायचीच बाकी आहे, ती जुनी एक देऊ का? एकच." मागून ताईंचा ओकारीचा आवाज येत होता. त्या आठवड्यात ट्रिप्टान एकदाच घेतलेली, म्हटलं आज दुसरी घेऊ दे, उलटीची गोळी आधी द्या, खोलीत अंधार करा, आणि बोलणं अडखळलं, हात जड पडला किंवा उलटी थांबलीच नाही तर मला फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. रात्रभर मलाही झोप नाही. सकाळी मेसेज आला, "झोपली". वहीत त्या दिवशी तिरकं एकच अक्षर आहे, नुसता 'न', बहुतेक 'नको' लिहायचं होतं.

दहाव्या दिवसापासून मधे मधे मोकळे दिवस दिसायला लागले. महिना संपला तेव्हा दुखलेले दिवस १७, म्हणजे आकड्यात काहीच नाही, पण गोळीचे दिवस ६. दुसऱ्या महिन्यात १० आणि ५.

दरम्यान शनिवार-रविवारचं कोडं वहीनेच सोडवलं. आठवडाभर रात्री एकला झोप, सकाळी काही न खाता बाहेर, पाच-सहा कप चहा, दुपारचं जेवण तीनला, आणि सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोप, पहिला चहा अकराला. झोप जास्त झाली तरी मायग्रेन उठतं, उपास घडला तरी उठतं, नेहमीचं कॅफीन उशिरा मिळालं तरी उठतं, आणि सुट्टीच्या सकाळी तिन्ही एकत्र. मी सुट्टीच्या दिवशीही साडेसातला उठायला सांगितलं, चहा आठवड्याला एक कप असा कमी करत दोनवर आणला, डबा एकला उघडायचा. ताई म्हणाल्या, "हे तर आई पण सांगायची." आईला फी नव्हती ना, म्हणून ऐकलं नाही.

तिसऱ्या महिन्यात नस्य केलं, सात दिवस, क्षीरबला तेल. 'नासा हि शिरसो द्वारं', म्हणजे नाक हे डोक्याचं दार, हे वाग्भटाचं वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. चेहऱ्याला, मानेला तेल, हलका शेक, डोकं थोडं मागे, कोमट तेलाचे थेंब एका नाकपुडीत, दुसरी बंद, मग उलट, घशात उतरलेलं गिळायचं नाही, थुंकायचं, आणि शंभर अंक म्हणेपर्यंत उताणं पडून राहायचं. पहिल्या दिवशी माझी चूक झाली. वाफ जरा जास्त वेळ दिली गेली, मदतनीस म्हणाली पण होती, पुरे. ताई मोठ्याने अंक मोजत होत्या, बासष्ट, त्रेसष्ट, आणि मग आवाज बारीक झाला, चौसष्टला हात उचलून डाव्या कानशिलावर ठेवला. उष्णता हा त्यांचा ट्रिगर आहे हे माझ्याच केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तो दिवस वाया, वर एक ॲटॅक माझ्या खात्यावर. दुसऱ्या दिवसापासून वाफ बंद, नुसता कोमट रुमाल, आणि पुढचे सहा दिवस नीट पार पडले. जाता जाता, हे व्हिडिओ बघून घरी करू नका, थेंबाचा अंदाज चुकला आणि तेल श्वासनलिकेत उतरलं तर तेलाचा न्यूमोनिया होतो, तो मायग्रेनपेक्षा महाग पडतो.

तिसऱ्या महिन्याचा आकडा ७, गोळी ४. चौथ्या महिन्यात ऑफिसात ऑडिट, रात्रीची जागरणं, परत ९ आणि ६. सहाव्या महिन्यात ५ आणि ३, त्यातले उलटीवाले २. शून्य कधीच झालं नाही.

एका ओळखीच्या वैद्यांना ही केस सांगितली तर म्हणाले, छान आहे, "नस्याने अर्धावभेदक बरा" असं लावून पोस्टर कर. कसं लावू? आकडे बघा ना, १७ वरून १० वर आलं ते नस्याच्या आधी. गोळी सुटली होती, जेवण वेळेवर आलं होतं, झोप रुळावर होती, लोह चालू होतं. शिवाय माणूस वैद्याकडे येतो तो दुखणं सगळ्यात जोरात असताना, त्यानंतर थोडं उतरायचंच, काही केलं नाही तरी. मायग्रेनच्या चाचण्यांमध्ये नुसत्या खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, मग दर आठवड्याला अर्धा तास ऐकून घेणारं कोणी असेल तर किती वाटेल. आयुर्वेदिक उपचारांवरचे मायग्रेनचे अभ्यास आहेत, पण बहुतेक लहान, आणि एका पेशंटवरून तर मी काहीच सिद्ध करू शकत नाही. माझा अंदाज विचाराल तर सगळ्यात मोठा वाटा बंद केलेल्या गोळीचा, मग झोप-जेवणाचा, मग पोट साफ राहण्याचा. नस्याचा वाटा असेल, ताईंना तर तोच सगळ्यात मोठा वाटतो. पण तो मला वेगळा काढून दाखवता येत नाही आणि दाखवता येत नाही तोवर पोस्टर नाही.

आत्ताची परिस्थिती: काढा तीन महिन्यांनी बंद केला, लिव्हर दोन्ही वेळा नॉर्मल, अविपत्तिकर लागेल तसं. हिमोग्लोबिन ११.९. न्यूरॉलॉजिस्टशी ठरलंय की लागोपाठ दोन महिने दुखण्याचे दिवस आठच्या वर गेले तर रोजची प्रतिबंधक गोळी सुरू करायची, यावेळी कमी डोसने आणि पूर्ण दोन महिने, आणि ताईंनीही हो म्हटलंय. पुढच्या फॉलोअपला वही घेऊन आल्या तेव्हा शेवटी एक नवा रकाना होता, मी न सांगता आखलेला, वर लिहिलेलं "घ्यावीशी वाटली पण घेतली नाही". त्या महिन्यात तिथे ११ खुणा होत्या. टेबलावरचा दिवा मात्र आल्या आल्या भिंतीकडे वळवलाच.